घरात दोन ॲलर्जी आणि एक पार्सल: एका संध्याकाळचं प्रकरण

हे ओळखीतल्या एका कुटुंबाचं प्रकरण आहे. त्यांना विचारून लिहितोय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. मोठा अनर्थ वगैरे यात झालेला नाही, त्यामुळे धास्तावून वाचू नका. पण ॲलर्जीवाल्या घरात बाहेरचं जेवण मागवताना कुठे कुठे घोळ होऊ शकतो ते या एका संध्याकाळी बऱ्यापैकी सगळं दिसलं, म्हणून जरा सविस्तर.

पार्श्वभूमी

घरात पाच जण. आई, बाबा, आजी, अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मुलीला काजू आणि पिस्त्याची ॲलर्जी (ही दोन्ही बहुतेक वेळा जोडीनेच येतात कारण त्यांच्यातली प्रथिनं खूप सारखी असतात). लहान असताना तिला एकदा ॲनाफिलॅक्सिस झालेलं, म्हणजे अंगावर गांधी, उलटी आणि श्वास लागणं हे सगळं एकदम. त्यामुळे तिच्यासाठी ॲड्रेनॅलिनची दोन पेनं (अशा रिॲक्शनमध्ये लगेच टोचायची, औषध आधीच भरलेली इंजेक्शनं) कायम जवळ असतात. दोन अशासाठी की एकाने फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांत दुसरं द्यावं लागू शकतं.

मुलाला दुधाची ॲलर्जी. लॅक्टोज पचत नाही तो प्रकार वेगळा, हे आईला दर वेळी सगळ्यांना समजवावं लागतं. लॅक्टोज ही दुधातली साखर, ती पचली नाही तर पोट बिघडतं. याला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, म्हणून लॅक्टोज-फ्री दूधसुद्धा चालत नाही आणि लोणी-तुपातही प्रथिनाचा थोडा अंश राहतो म्हणून तेही बंद. त्याची रिॲक्शन आतापर्यंत त्वचेपुरतीच आलेली, डॉक्टरांनी काय दिसलं तर काय करायचं ते एका कागदावर लिहून दिलंय आणि तो कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो.

बाहेरचं खाणं या घरात जवळजवळ नाहीच. सगळं घरी.

अडचण

घर बदलायचं होतं. सकाळपासून पॅकिंग, गॅस काढून ठेवलेला, भांडी खोक्यांत, फ्रिज रिकामा करून बंद. डबा आधी करून ठेवायचा प्लॅन होता पण तो दुपारीच संपला कारण मदतीला आलेले दोघं जेवायला थांबले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला लक्षात आलं की रात्री खायला घरात काहीच नाही.

वरवर बघितलं तर यात काय एवढं, मागवायचं की. पण या घरातली खरी गोची अशी की दोन मुलांच्या ॲलर्जी एकमेकींच्या आड येतात. एकाला चालेल असं जे हॉटेलात मिळतं ते बऱ्याचदा दुसऱ्याला न चालणारं असतं. दूध काढलं की दुधासारखा घट्टपणा आणायला स्वयंपाकी काय घालतो? खूपदा काजू. व्हीगन (म्हणजे दूध, अंडी, मांस असं प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं) क्रीम, व्हीगन चीज, बिनदुधाचा पांढरा सॉस यातलं बरंचसं काजू भिजवून वाटूनच केलेलं असतं. म्हणजे "व्हीगन" हा शब्द मुलाच्या बाबतीत निदान चौकशीला सुरुवात करायला बरा, आणि मुलीच्या बाबतीत तोच धोक्याची खूण.

पर्याय

घरात चर्चा झाली ती साधारण अशी.

पहिला पर्याय, बाहेरून काही मागवायचंच नाही. दुकानातून पॅकबंद ब्रेड, केळी, डब्यातलं काहीतरी आणायचं, लेबल वाचून. हा सगळ्यात सुरक्षित आणि आजी याच्याच बाजूने होत्या. पण दिवसभर राबून रात्री ब्रेड-केळी, मुलीने तोंड वाकडं केलं आणि बाबांचंही म्हणणं पडलं की आपण आयुष्यभर असंच पळत राहणार का.

दुसरा, ॲपवरून मागवायचं. बाबांनी ॲप उघडून "डेअरी फ्री" फिल्टर लावलासुद्धा. भरपूर पदार्थ आले. खाली सूचनांच्या चौकटीत "काजू नको, पिस्ता नको" लिहायचं आणि ऑर्डर करायची.

तिसरा, फोन करून बोलायचं आणि स्वतः जाऊन आणायचं.

चौथा, दोन मुलांसाठी दोन वेगळ्या हॉटेलांतून. ऐकायला बरं वाटतं पण मग दोन किचनची चौकशी, दोन पिशव्या, आणि घरात टेबल एकच. यावर फार वेळ गेला नाही.

आईने दोन गोष्टी ठरवल्या आणि मला त्या क्रमासकट महत्त्वाच्या वाटतात. एक, आधी पेनं शोधा. ती खोक्यात गेली असतील तर आज बाहेरचं काहीच नाही, विषय संपला. (होती, तिच्या पर्समध्येच. सामानाच्या गाडीत तापत पडली असती तर तेही चाललं नसतं, ही पेनं साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायची असतात.) दुसरं, ॲप फक्त हॉटेलं शोधायला वापरायचं, ऑर्डर द्यायला नाही. ते फिल्टर काय, हॉटेलने कधीतरी भरलेल्या माहितीवर चालतात, मध्ये रेसिपी बदलली, सॉस दुसऱ्या कंपनीचा आला तर ॲपला ते कोण सांगणार. सूचनांची चौकट कोणी वाचली की नाही हे कळायला मार्ग नसतो. शिवाय एकाच किचनमधून चार वेगवेगळ्या नावांची हॉटेलं चालत असतात, त्यामुळे आपण ज्या नावाला ऑर्डर देतोय त्याच ओट्यावर शेजारी काय शिजतंय याचा पत्ताच लागत नाही.

काय केलं

गर्दीच्या वेळेआधी, साडेपाचलाच फोन सुरू केले. हे छान केलं. आठ वाजता काउंटरवरचा माणूस तुमचं ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

पहिलं हॉटेल. बिनदुधाचा पांढऱ्या सॉसमधला पास्ता, मेन्यूवर तसं लिहिलेलं. आईने विचारलं यात दूध, बटर, चीज काही नाही ना. तिकडून लगेच, "नाही नाही मॅडम, बिनधास्त घ्या." मग तिने विचारलं काजू नाहीत ना. "नाही नाही." उत्तर इतकं पटकन आलं की तिने प्रश्नच बदलला. "बरं मला सांगा, दूध नाही मग तो सॉस घट्ट कशाने करता तुम्ही?" इथे पहिल्यांदा तो माणूस थांबला, म्हणाला विचारून सांगतो, आणि परत येऊन म्हणाला, "काजू पेस्टने."

या प्रकरणातला माझ्या मते हा सगळ्यात मोठा क्षण. तो माणूस खोटं बोलत होता असं अजिबात नाही. "अमुक नाही ना?" असं विचारलं की समोरचा सवयीने "नाही" म्हणतो, कारण प्रश्नातच आपण उत्तर देऊन ठेवलेलं असतं. "कसं करता, कशात करता, कशाने घट्ट करता" असं विचारलं की त्याला किचनमध्ये जावंच लागतं. ॲपवरून ऑर्डर गेली असती तर हा पास्ता मुलासाठी म्हणून आला असता आणि बहीण-भाऊ एका ताटातलं खाणारी पोरं आहेत.

दुसरं हॉटेल. इथे मॅनेजरने सरळ सांगितलं की आमच्याकडे काजू सगळीकडे वापरतो, ओटा एक, चमचे तेच, मी खात्री देऊ शकत नाही, नका घेऊ. बाबा वैतागले, म्हणे हे काय गिऱ्हाईक परत पाठवतात. मला विचाराल तर त्या संध्याकाळी फोनवर मिळालेलं सगळ्यात कामाचं उत्तर हेच होतं. ज्या माणसाला स्वतःच्या किचनची मर्यादा माहितीये त्याने "नाही" म्हटलं तर त्याचे आभार मानायचे आणि पुढचा नंबर लावायचा.

तिसरं हॉटेल. इथे मॅनेजर स्वतः बोलला, दहा मिनिटांनी फोन करतो म्हणाला आणि केलासुद्धा, ही खूण चांगली. आईने पदार्थाचं नाव घेऊन सुरुवातच केली नाही. तिने आधी दोन्ही ॲलर्जी सांगितल्या, मुलीला आधी काय झालंय तेही सांगितलं, आणि मग विचारलं तुमच्याकडे सगळ्यात साधं काय होऊ शकतं. मग एकेक गोष्ट तपासत ऑर्डर तयार झाली.

ग्रिल चिकन: मॅरिनेट दह्यात केलेलं, बाद. मग साधं, न मुरवलेलं चिकन, मीठ-मिरी-तेल. पण ग्रिलवर बटरचा ब्रश फिरतो, म्हणून ग्रिल बाद, वेगळ्या धुतलेल्या पॅनमध्ये. तेल कोणतं ते त्याने डब्यावर वाचून सांगितलं. भात: शिजल्यावर बटर घालतात, तर घालण्याआधीचा काढून ठेवायचा. फ्रेंच फ्राइज: त्याच तेलात चीज भरलेले रोल तळतात, बाद. इथे बाबांचा एक गैरसमज निघाला की एवढ्या गरम तेलात सगळं जळून जात असेल ना. जंतू मरतात हो, पण ॲलर्जीचं प्रथिन तळणीच्या उष्णतेने निकामी होईल असं धरून चालता येत नाही आणि ते तेलात तरंगत राहून पुढच्या घाण्याला लागतं. फ्राइजऐवजी उकडलेले बटाटे. भाज्या वाफवलेल्या, नुसत्या. सॉस काहीच नाही. गोड काहीच नाही.

थोडं कायद्याचं, कारण लोक विचारतात की हॉटेलला हे सांगणं बंधनकारक नाही का. देशोदेशी वेगळं आहे. युरोपियन युनियनमध्ये १४ ॲलर्जन (ॲलर्जी आणणारे पदार्थ) ठरलेले आहेत आणि सुट्या, हॉटेलात बनणाऱ्या पदार्थांबद्दलही माहिती द्यावी लागते. अमेरिकेत ९ आहेत (तीळ हा नववा, २०२३ पासून) पण तो केंद्रीय लेबलचा कायदा मुख्यतः पॅकबंद मालाला लागू होतो, हॉटेलात ताज्या बनवलेल्या ताटाला नाही. आणि कायदा कितीही कडक असो, तो फक्त रेसिपीत काय आहे ते सांगायला लावतो, चुकून लागलेल्या चमच्याचं कोण सांगणार. त्यामुळे फोन करावाच लागतो.

मॅनेजरने मुलांचं चिकन आणि भात आतल्या वेगळ्या पिशवीत गाठ मारून, वर "ॲलर्जी" लिहून द्यायचं कबूल केलं. बाबा स्वतः आणायला गेले. पैसे दिले, नाव जुळवलं, पिशवी घेतली, निघाले.

पिशवी उघडल्यावर

पिशवी खोक्यांच्या ढिगावर ठेवली. पोरगा भुकेला, तो आधी जाऊन पिशवीशी झटापट करून आला. आई आली तेव्हा तिने डबे उघडण्याआधी बाहेरून बघितले, ही तिची सवय, आणि बटाट्यांच्या डब्यावर हिरवट ओघळ दिसला. तळाशी एक छोटी वाटी होती, झाकण निघालेलं. यांनी न मागवलेली. पावतीवरही नाही.

बाबांनी फोन लावला. ते पेस्टोसारखं डिप होतं, प्रत्येक ऑर्डरसोबत फुकट टाकतात. त्यात चीज आणि काजू. म्हणजे दोन्ही मुलांना नको असलेलं एकाच वाटीत, आणि ते यांच्या पार्सलमध्ये कोणी टाकलं तर काउंटरवर पॅकिंग करणाऱ्या मुलाने, ज्याला यातलं काही माहीतच नव्हतं. किचनने सगळं नीट केलेलं.

तोवर मुलाच्या मनगटावर आणि हातावर लाल चट्टे आणि दोन-चार गांधी उठल्या. आता इथे एकामागून एक निर्णय घ्यायचे होते.

पहिलं, हात. बाबा सॅनिटायझरची बाटली घेऊन धावले, आईने थांबवलं आणि नळाखाली साबणाने धुवायला लावलं. सॅनिटायझर जंतू मारतं, प्रथिन हातावर तसंच राहतं, नुसतं इकडून तिकडे पसरतं. तोंड पुसलं, टी-शर्ट बदलला. मुलीचेही हात धुतले, तिने काही हात लावला नव्हता तरी.

दुसरं, औषध. कागदावर लिहिल्याप्रमाणे त्याचं ॲलर्जीचं सिरप दिलं. सिरप खाज आणि गांधी कमी करतं, श्वासावर किंवा रक्तदाब घसरण्यावर ते उपयोगाचं नाही, त्यामुळे सिरप दिलं म्हणजे निश्चिंत असं नाही. खोकला, आवाज बसणं, उलटी, ओठ-जीभ सुजणं, एकदम मलूल होणं यातलं काही दिसलं तर लगेच ॲम्ब्युलन्स, हे त्या कागदावरच होतं. आईने आजींना घड्याळ लावून त्याच्यापाशी बसवलं. मुलीची पेनं टेबलावर काढून ठेवली.

तिसरं, आणि यावर खरा वाद झाला. आतल्या पिशवीतले डबे कोरडे होते, गाठ शाबूत होती. बाबा म्हणाले आत काहीच लागलेलं नाही, खाऊ देत पोरांना, भूक लागलीये. आईचं म्हणणं, मुलाला आत्ता काही नवीन द्यायचं नाही. गांधी उठल्या आहेत, त्या वाढल्या तर कशाने वाढल्या ते कळणार नाही, हाताला लागलेल्या डिपने की चिकनने. त्याला बॅगेतलं केळं आणि नेहमीची बिस्किटं दिली. मला तिचं पटतं. भुकेलं पोर बघवत नाही हे खरं, पण तासभर थांबून काही बिघडत नाही.

बाहेरच्या पिशवीतले बटाटे आणि भाज्या टाकून दिल्या. पुसून मोठ्यांनी खाता आल्या असत्या, पण मग मोठ्यांच्याच हाताने मुलांचं ताट वाढायचं. आतली पिशवी बाबांनी बाहेरून धरली, आईने धुतलेल्या हातांनी कात्रीने कापून डबे थेट स्वच्छ ताटात काढले.

निकाल

साधारण तासाभरात गांधी उतरल्या. खाण्यातून येणारी रिॲक्शन बहुतेक वेळा काही मिनिटांपासून दोन तासांत दिसते, आणि त्याने हात तोंडात घातला होता की नाही हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, म्हणून दोन तास पूर्ण होईपर्यंत त्याला झोपू दिलं नाही. मग त्याने गार झालेला भात आणि चिकन खाल्लं, काही झालं नाही. मुलीने आधीच खाल्लं होतं, तिलाही काही नाही. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी पुढच्या भेटीत त्याच्या प्लॅनवर परत बोलू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आईने हॉटेलला फोन केला, भांडायला नाही. मॅनेजर ओशाळला होता. किचनच्या चिठ्ठीवर ॲलर्जी लिहिलेली होती पण ती चिठ्ठी किचनमध्येच राहते, काउंटरवर जाते ती फक्त पावती. तेव्हापासून ते ॲलर्जीच्या ऑर्डरला पावतीवरच "वरचं काही टाकू नये" असं छापतात. हे कुटुंब त्यानंतर तिथूनच मागवतं. काही लोकांना हे विचित्र वाटलं, पण मला नाही. फोनवर आलेल्या तक्रारीचं नेमकं कारण शोधून पद्धत बदलणारं हॉटेल सोडून कुठे जायचं?

काय वेगळं करता आलं असतं

फोनवर किचनची चौकशी दहा मिनिटं झाली, पॅकिंगची शून्य. मीठ, चमचे, टिश्यू, डिप, फुकटचं सॅलड हे सगळं शेवटच्या दोन मिनिटांत दुसराच कोणीतरी टाकतो. "मी सांगितलंय त्याशिवाय पिशवीत काहीही घालू नका" हे वाक्य लागतं, आणि ते आणायला गेल्यावर काउंटरवर परत म्हणायचं, पहिल्यांदाच सांगतोय असं समजून.

पिशवी तिथेच उघडून बघायला हवी होती. बाबांना संकोच वाटला, मागे रांग होती. समजू शकतो. पण वाटी तिथे सापडली असती तर परत देऊन डबे बदलून मिळाले असते, घरी सापडल्यावर फक्त टाकून देता येतं. आणि घरी आल्यावर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी पिशवी ठेवून एका मोठ्या माणसाने रिकामी करायची, बाहेरची पिशवी लगेच कचऱ्यात, हात धुवायचे, मग हाक मारायची.

सगळ्यांनी एकच साधं जेवण खायचं हा निर्णय मात्र मी अर्धाच बरोबर म्हणेन. पहिल्या वेळेला, दमलेल्या घरात, ठीक. पण मुलगी त्या रात्री म्हणाली की "त्याला दूध चालत नाही म्हणून मी कायम कोरडा भात खायचा का?" आणि याला घरात कोणाकडे उत्तर नव्हतं. अकराव्या वर्षी हा प्रश्न येणारच, आणि सतत मन मारलेली मुलं पुढे मोठी झाली की मित्रांबरोबर न विचारता खातात, हा धोका छोटा नाही. आता ते एकाच हॉटेलातून तिच्यासाठी चीज असलेलं पण काजू नसलेलं काहीतरी वेगळ्या पिशवीत मागवतात. मुलगा आधी जेवतो, टेबल साबणाच्या फडक्याने पुसतात, मग तिचं उघडतं. कटकट आहे, पण चालतंय. तिच्या पदार्थाची चौकशी आता तीच करते, आई शेजारी बसून ऐकते.

गोड मात्र अजून बाहेरून येत नाही. आइसक्रीमचा एकच स्कूप सगळ्या डब्यांतून फिरतो आणि केकवर पिस्त्याची पूड कधी भुरभुरतील याचा नेम नाही, तिथे फोनवर कोणी कितीही गोड बोललं तरी आईचा विश्वास बसत नाही. आजींचं म्हणणं आहे की निदान वाढदिवसाला तरी आणा, विचारून आणा, आणि यावर त्या घरात अजून एकमत झालेलं नाही.